पंखा कुणाच्या डोक्यावर

काशीराम शेट बगलेत चित्रांचं जाडजूड पुस्तक मारून ओटीची पायरी चढले, तेव्हा मालिनी माजघरात आढीतले पिकले आंबे निवडत होती. हाताखालचं गवत गरम लागत होतं. बाहेर वैशाख नुसता उकळत होता. झाडगावाच्या माडांची झापं हलायचं नाव घेत नव्हती, आणि अंगावरचा घाम पुसला तरी पुन्हा तिथंच उभा राहत होता.

"चारू, शेट आले रे! बाहेर ये," दिवाणखान्यातून आप्पांचा आवाज आला. "आज पंखा ठरवून टाकू. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत मुंबईहून यायला हवा."

मालिनीनं हात धुतले, पदर नीट केला आणि चहाचं आधण ठेवलं. गेले काही दिवस ती या पंख्याच्या गोष्टी ऐकत होती. घरात विजेचे दिवे चैत्रात लागले होते. दिवे गावात आणखी पाच-दहा घरांतही लागले होते, त्यामुळे आप्पा शेवड्यांना त्यांचं अप्रूप राहिलं नव्हतं. त्यांना आता दिवाणखान्यात पंखा हवा होता. खालच्या आळीतल्या जोगळेकरांनी पंख्याची चौकशी केल्याचं कानावर आल्यापासून तर त्यांना दम निघत नव्हता. पावसच्या वाटेवरच्या कातळात सुरुंग लावून हापूसची बाग उभी केलेला माणूस. दुसरा कुणी आपल्यापुढे गेलेला त्यांना खपत नसे.

चहा उकळेपर्यंत मालिनीनं मनाशी ठरवून टाकलं. आज बोलायचं, आणि सगळ्यांसमोर बोलायचं.

ती ट्रे घेऊन आली तेव्हा दिवाणखान्यात बापलेकांची जुंपलेलीच होती. आप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते. चारुदत्त, तिचा नवरा, आपल्या वकिलीच्या टेबलाला पाठ लावून उभा होता. सासूबाई, म्हणजे माई, माजघराच्या दाराच्या चौकटीत टेकल्या होत्या. बाहेरचा पुरुष आला की त्या तिथंच बसत. पण त्या चौकटीतून त्यांना न दिसणारं आणि न ऐकू येणारं असं काही त्या घरात नव्हतं.

"हा बघा आप्पासाहेब, पितळी," काशीराम शेट पान उलटत म्हणाले. "तीन पाती, खाली काचेच्या कळ्यांचे दिवे. मुंबईत मोठमोठ्या पेढ्यांवर हाच फिरतो."

"दिवे आहेत आपल्याकडे. वारा किती देतो ते सांगा."

"आप्पा, मला वाटतं टेबलाच्या वर घेऊ," चारुदत्त म्हणाला. "अशील येऊन बसतात, घामाघूम होतात—"

"अशील घामाघूम झाला म्हणजे लवकर खरं बोलतो. पंखा गादीच्या वर. शेट, सगळ्यात मोठा कुठला?"

"मोठा हा. पण आवाज करतो थोडा."

"करू दे. रस्त्यावर ऐकू गेला पाहिजे."

मालिनीनं चहाचे कप ठेवले. नेहमीप्रमाणे ती आत वळली नाही. "मामंजी, एक विचारू?"

"विचार की."

"पंखा बाळंतिणीच्या खोलीत बसवला तर?"

काशीराम शेटांनी कप बशीत ठेवला. चारुदत्तानं मान वर केली. माईंचा आवाज चौकटीतून सरळ आला. "काय बोलतेस गो? बाळंतिणीला वारा?"

हेमा, आप्पांची धाकटी लेक, पहिल्या बाळंतपणाला चिपळूणहून सर्व्हिस मोटारीनं माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. माजघरामागची अंधारी खोली तिच्यासाठी सारवून ठेवली होती. शेवड्यांच्या घरातल्या सगळ्या बाळंतिणी त्याच खोलीत बाळंत झाल्या. डोक्यावर माळ्याच्या फळ्या, भिंतीत हात जाईल एवढा झरोका, आणि तोही चिंध्या कोंबून बंद केलेला. बाजेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ धुरी. सहा वर्षांमागं, अशाच वैशाखात, मालिनी त्या खोलीत बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. बारशाची तयारी चालली असताना तो गेला. त्यानंतर तिची कूस उजवली नव्हती, आणि त्या मुलाबद्दल या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बोलू नये असं कुणी ठरवलं नव्हतं. आपोआपच तसं होऊन बसलं होतं.

"वारा म्हणजे वादळ नव्हे, माई," मालिनी म्हणाली. "ती खोली कोंडते. ऐन वैशाखात शेगडी पेटवून दार लावलं की आतलं माणूस भाजून निघतं."

"बाळंतिणीला शेक नको तर काय बर्फ हवा?" माई म्हणाल्या. "आम्ही नाही राहिलो त्या खोलीत?"

"बायकांचं बायकांनी आत बघावं," चारुदत्त हळूच म्हणाला. "शेट बसलेत."

"शेटांसमोरच विचारते आहे. पंखा त्यांच्याकडूनच घ्यायचाय ना?" मालिनी हसून म्हणाली, आणि आप्पांकडे वळली. लग्न होऊन ती या घरात आली त्याला बारा वर्षं होत आली होती. सासऱ्यांना विनवलं तर ते ऐकत नाहीत आणि आव्हान दिलं तर मागं हटत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मामंजी, रागवणार नसाल तर एक सुचवते. शेटांचा चहा होईतो आपण त्या खोलीत बसून याल?"

"मी?"

"हेमावन्सं अजून बाळंत झाल्या नाहीत. सोयर नाही, काही नाही. आत्ता ती नुसती एक खोली आहे. मी शेगडी पेटवते, धुरी घालते, दार लोटून घेते. बाळंतिणीला असतं अगदी तसं."

"मालिनी!" चारुदत्त म्हणाला.

"तू थांब रे," आप्पा म्हणाले. त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं होतं. "सुनेला वाटतंय सासरा घाबरेल. कातळ फोडायला ऐन उन्हात उभा राहिलोय मी. चल, पेटव तुझी शेगडी."

ते खरोखरच उठले. काशीराम शेटांनी चहा तसाच ठेवला आणि पुस्तकात डोकं घातलं. अशा वेळी कुठं बघावं हे दुकानदार माणसाला बरोबर कळतं.

मालिनीनं चुलीतले निखारे शेगडीत भरले. वर ओवा, बाळंतशोपा आणि लसणीची सालं टाकली. आप्पा बाजेवर मांडी घालून बसले, खांद्यावर उपरणं, मुद्रा एखाद्या सभेच्या अध्यक्षासारखी. तिनं शेगडी बाजेखाली सरकवली आणि दार लोटून घेतलं.

माई तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "उद्या गावभर होईल गो. शेवड्यांच्या सुनेनं सासऱ्याला धुरी दिली."

"होऊ दे. चांगली बाळंतशोपा घातलीय."

माईंना हसू आलं असावं. त्यांनी तोंड फिरवलं. आतून खोकला ऐकू आला. मग घसा खाकरल्याचा आवाज. मग दुसरा खोकला, हा मोठा आणि लांबलेला.

"आप्पा, पुरे आता," चारुदत्त दाराशी येऊन म्हणाला.

"चूप!" आतून आवाज आला. पण त्या आवाजातला अध्यक्ष गेला होता.

काशीराम शेटांचा चहा गार झाला तरी दार उघडलं नाही. चारुदत्त येरझारा घालू लागला. शेवटी दार धाडकन उघडलं आणि धुराच्या लोटाबरोबर आप्पा बाहेर आले. डोळे लालबुंद, बंडी पाठीला चिकटलेली, आणि गळ्याशी शीर उडत होती. ते माजघराच्या पायरीवर बसले. मालिनीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो वरून न पिता तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी मानेवर ओतून घेतलं. 

"बाळंतीण किती दिवस असते आत?" त्यांनी विचारलं.

"दहा दिवसांची सोयर," माई म्हणाल्या. "पुढं सव्वा महिना शेक-शेगडी."

"सव्वा महिना." आप्पांनी बायकोकडे पाहिलं. "आणि तू हे... किती वेळा?"

"आता मोजायला बसू का?" माई म्हणाल्या आणि पदरानं शेगडीचं कडं धरून ती मागच्या पडवीत नेऊन ठेवली.

आप्पा उठले. "शेट! इकडे या. पंखा ह्या खोलीत बसवायचा."

मालिनीला वाटलं, झालं. जिंकलो आपण. पण काशीराम शेट आत आले, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि नुसता हात उंचावला. त्यांची बोटं माळ्याच्या फळीला लागली.

"आप्पासाहेब, इथं पंखा लावला तर पहिल्याच दिवशी कुणाचं तरी डोकं फुटेल. उंची हवी. तुमच्या घरात एवढी उंची एका दिवाणखान्यालाच आहे."

"माळा काढला तर?"

"माळ्यावर घर उभं आहे," चारुदत्त म्हणाला. "तुळया त्याच्याच आधारानं आहेत."

"मग टेबलावरचा पंखा घ्या. छोटा येतो," शेट म्हणाले.

"तो मुळीच नको!" माई म्हणाल्या. "मी पाहिलाय डॉक्टरांच्या दवाखान्यात. सरळ अंगावर फुंकतो."

"आणि आतलाच धूर आतल्या आत फिरवेल," मालिनी म्हणाली. ह्या एका गोष्टीत ती आणि सासूबाई एका बाजूला आल्या हे दोघींच्याही लक्षात आलं, आणि दोघींनाही ते थोडं चमत्कारिक वाटलं.

सगळे पुन्हा दिवाणखान्यात आले. आप्पा गादीवर बसले, पण मघासारखे लोडाला टेकले नाहीत. "आपण प्रयत्न केला, मालिनी. आता खोलीलाच उंची नाही त्याला कोण काय करणार? शेट, तो मोठा पंखा लिहून घ्या. दिवाणखान्यात."

"लिहून घ्या," मालिनी म्हणाली. "दिवाणखान्यातच बसवा. बाळंतिणीची बाज दिवाणखान्यात आणू."

ह्या वेळी काशीराम शेटांनाही पुस्तकात बघायचं सुचलं नाही.

"दिवाणखान्यात?" माई चौकट ओलांडून आत आल्या. परका पुरुष बसलेला असताना त्या खोलीत आल्याचं मालिनीनं प्रथमच पाहिलं. "दर्शनी खोलीत सोयर? येणारा-जाणारा, अशील, आंब्याचे व्यापारी, आणि त्यांच्यात बाळंतीण झोपवतेस? सोवळंओवळं गुंडाळून ठेवलंस काय गो?"

"सोवळ्याचंच म्हणाल तर, माई, त्या अंधाऱ्या खोलीची नि देवघराची भिंत एक आहे. पलीकडे बाळंतपण, अलीकडे देव. दिवाणखाना देवघरापासून घरात सगळ्यात लांब."

माईंनी मान वळवून आत, देवघराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती भिंत कुणी अशी मोजली नव्हती.

"ओटीकडचं दार लावून घ्यायचं," मालिनी पुढे म्हणाली. "जाण्यायेण्याला पडवीकडचं दार आहे. मोठ्या खिडक्या आहेत, त्यांना पडदे लावू. शेगडी हवी तर ठेवा, धुरी द्या, मी नाही म्हणत नाही. धूर बाहेर जायला वाट असू दे, एवढंच."

"आणि माझं काम?" चारुदत्तानं विचारलं. "कोर्टाला सुट्टी आहे, पण अशिलांना नाही. कागदपत्रं इथं, पुस्तकं इथं. लोक काय म्हणतील?"

मालिनी उत्तर देणार तोच माई गादीच्या कडेला खाली बसल्या. 

"माझी आक्का होती," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "माझ्याहून मोठी. गणेशगुळ्याला दिली होती. पहिलटकरीण. मुलगी झाली, सगळं नीट झालं. आणि कुणीतरी खोलीची खिडकी उघडी ठेवली. समुद्राचा वारा. दुसऱ्या दिवशी अंगात हीव भरलं, बडबडायला लागली. मला ओळखेना. मी शेजारी बसलेली आणि मला विचारते, माझी बहीण कधी येणार? त्यातच गेली. तुम्ही सगळे शिकलेले. मला अडाणी म्हणा. पण मी माझ्या लेकीला वाऱ्याखाली ठेवणार नाही."

मालिनीनं ही आक्का कधी ऐकली नव्हती. झरोक्यात माई एवढ्या दाबून चिंध्या का कोंबतात, हे तिला इतक्या वर्षांनी आज कळलं. तिच्या डोळ्यांपुढं मघापर्यंत एक हट्टी सासू होती. आता तिथं बहिणीच्या उशाशी बसलेली, ओळख न पटलेली एक पोर होती. सासूबाईंना हरवायचं तिच्या मनातून निघून गेलं. पण म्हणणं सोडायचं नाही, हेही तिला तितकंच स्पष्ट होतं.

ती माईंच्या शेजारी खाली बसली.

"तुम्हांला अडाणी कोण म्हणेल, माई? आक्कांना काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या मुलाला काय झालं तेही माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण तो माझ्या कुशीत होता, आणि त्याचं अंग तापलेल्या तव्यासारखं होतं. तोंड उघडून श्वास घेत होता. मी दाराकडे बघत होते, की कुणीतरी येईल आणि उघडेल. मला उठता येत नव्हतं. हाक मारायला घशात आवाज नव्हता. वाऱ्यानं वाचला असता असं मी म्हणत नाही. पण त्याला उकडत होतं, माई. एवढं मात्र मला माहीत आहे."

 चारुदत्त टेबलापाशी उभा होता. तो तेव्हा याच टेबलाशी बसून वाट बघत होता; खोलीच्या आत काय झालं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. त्यानं टेबलावरची कागदांची चळत उचलली, पुन्हा ठेवली, आणि मग सगळीच गोळा करायला लागला.

"काय करतोयस?" आप्पांनी विचारलं.

"टेबल ओटीवर हलवतो," तो म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही, पण आवाज खणखणीत होता. "अशील ओटीवर बसतील. लोकांना जे म्हणायचं ते ओटीवर येऊन म्हणू दे."

"माई," दारातून आवाज आला. हेमा पडवीच्या दारात एक हात कमरेवर ठेवून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "मला त्या खोलीची भीती वाटते गो. वहिनींचं बाळ गेलं तेव्हा मी परकरी पोर होते, दाराबाहेर बसले होते. मी चिपळूणहून येताना सगळ्या वाटेत त्या दाराचाच विचार करत होते. तुला सांगायला धीर होत नव्हता. मला इथं झोपू दे."

माईंनी लेकीकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि काशीराम शेटांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"शेट, ह्या पुस्तकातला सगळ्यात हळू फिरतो तो कुठला?"

"हळू?" शेट गोंधळले. हळू फिरणारा पंखा त्यांच्याकडे आजवर कुणी मागितला नव्हता. त्यांनी भराभर पानं उलटली. "हा बघा काकू. लाकडी, रुंद पात्यांचा. ह्याला भिंतीवर एक चकती येते, तिच्यावर आकडे असतात. एकवर ठेवला तर पात्यांवरची नक्षी मोजता येईल. दिसायला साधा आहे, पण आवाज नाही."

"आवाज नाही?" आप्पा कळवळून म्हणाले. "मग रस्त्यावर कळणार कसं?"

"न कळू दे," माई म्हणाल्या. "हाच घ्या. आणि बाजेच्या डोक्यावर नाही लावायचा. बाजूला. वारा वरून भिंतीला लागून खाली आला पाहिजे."

"चारू ओटीवर, बाळंतीण दिवाणखान्यात," आप्पा म्हणाले. "नि मी कुठं बसू?"

"तुम्हीही ओटीवर," माई म्हणाल्या. "ऐन उन्हात कातळ फोडायला उभे राहिलात ना?"

काशीराम शेट त्याच दिवशी तार करायला गेले.

पंखा आला तो भर दुपारी. बोट बंदरात लांब उभी राहिली आणि पेटारा पडावातून किनाऱ्याला आला. बैलगाडीवर तो पेटारा आणि पेटाऱ्यावर हात ठेवून चारुदत्त, अशी वरात झाडगावात शिरली तेव्हा मागं निम्मी आळी होती. वीज कंपनीच्या माणसानं तुळईला आकडा ठोकला. माई खाली उभ्या राहून "आणखी भिंतीकडे, आणखी भिंतीकडे" म्हणत राहिल्या. पहिल्यांदा पाती फिरली तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला, पात्यांखाली जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढे केला आणि तळहातावर वारा तोलून पाहिला.

"एकच्या पुढं कुणी नेलात तर माझ्याशी गाठ आहे," एवढंच म्हणाल्या.

आप्पांचं मात्र अवघड झालं. गावातला पहिला छताचा पंखा त्यांच्या घरी फिरत होता आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. ओटीकडचं दार बंद. जोगळेकर मुद्दाम पान खायला आले तेव्हा आप्पांनी त्यांना बंद दाराशी नेलं. "कान लावा," म्हणाले. जोगळेकरांनी कान लावला. "काहीच ऐकू येत नाही," म्हणाले. "तेच तर!" आप्पा म्हणाले. "आवाजच नाही त्याला." आणि धोतराच्या सोग्यानं घाम पुसत त्यांनी पानाचा डबा पुढं केला.

हेमा सकाळच्या पहारी बाळंत झाली. गंगुबाई सुईण वर बघून म्हणाली, "ह्या भिंगरीखाली माझं पयलंच बाळतपन," आणि कामाला लागली. मुलगी झाली. खिडक्यांच्या पडद्यांतून उजेड आत येत होता. मालिनीनं त्या उजेडात भाचीचं सावळं, चुरगळलेलं, रडून लाल झालेलं तोंड पाहिलं. आपण आपल्या मुलाला उजेडात कधी पाहिलंच नव्हतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

तिसऱ्या दिवशी हेमाच्या अंगात ताप भरला.

माईंनी तिच्या कपाळाला हात लावला, उठल्या आणि भिंतीवरची चकती बंद केली. पाती थांबली. त्यांनी मालिनीकडे पाहिलं. त्या नजरेत गणेशगुळ्याची खिडकी होती.  आजवर तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं, की आपलं चुकलं तर? आता तो प्रश्न तिच्यासमोर उभा होता आणि त्याला टाळून जायला वाट नव्हती. तिनं पंखा पुन्हा लावा म्हणून हट्ट धरला नाही. ती चारुदत्ताला म्हणाली, "डॉक्टरांना घेऊन या. आत्ता." आणि हेमाचे पाय पुसत बसून राहिली.

डॉक्टरांनी हेमाला नीट तपासलं. माईंनी त्यांना वारा लागला का असं विचारलं.

"वारा नाही. दूध उतरतंय," डॉक्टर म्हणाले. "छाती दगडासारखी झालीय. मुलीला सारखी पाजा, गरम पाण्यानं शेका. उद्या उतरेल ताप. खोली मात्र चांगली मोकळी ठेवलीत. कुणाला सुचलं?"

"घरात ठरलं," माई म्हणाल्या.

ताप संध्याकाळपासूनच उतरायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनी न्हाणीघरातून गरम पाणी घेऊन आली तेव्हा पाती फिरत होती. हेमा झोपली होती. माई बाळाच्या दुपट्याशी लंगोटांच्या घड्या घालत बसल्या होत्या. पंखा कुणी लावला, हे मालिनीनं विचारलं नाही.

त्याच दुपारी वीज गेली. कंपनीच्या यंत्रात काही बिघाड झाला होता म्हणे. पाती मंदावत मंदावत थांबली आणि खोलीत तो जुना, दाट उकाडा उतरला. हेमा कुशीवर वळली. दुपट्यातली पोर कुरकुरली आणि मग टाहो फोडून रडायला लागली. ओटीवरून आप्पांचा आवाज आला, "काय झालं रे? थांबला की काय?"

मालिनी उठली. पण तिच्या आधी माई उठल्या होत्या. त्यांनी कोनाड्यातून वाळ्याचा विंझणा काढला, पाण्यात बुडवला, झटकला आणि बाजेच्या पायथ्याशी मांडी घालून बसल्या.

"द्या माई, मी घालते वारा."

"राहू दे. तू किती दिवस उभी आहेस. बस तिथं."

मालिनी बाजेला पाठ टेकून खाली बसली. वाळ्याचा गार वास खोलीत पसरला. पोरीचं रडं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं.  त्यांचा हात एका लयीत हलत होता. विंझण्याची एक झुळूक हेमाकडे जात होती, एक पोरीकडे, आणि मग माई हात लांब करून तिसरी झुळूक मालिनीच्या तोंडावर घालत होत्या. पुन्हा हेमा, पुन्हा पोर, पुन्हा मालिनी. वीज परत आली आणि वरची पाती फिरू लागली, तरी त्यांचा हात थांबला नाही.